भरल्या गाडीचं दुखणं

जयवंताबाई परंडेकर हैदराबादच्या कोठी भागातल्या मुलींच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या आणि सकाळ-संध्याकाळ त्याच शाळेची मोटार चालवायच्या. पहिलं काम त्यांना शाळेनं दिलं होतं, दुसरं त्यांनी स्वतःहून अंगावर ओढून घेतलं होतं, आणि खरं विचाराल तर दुसऱ्यातच त्यांचा जीव जास्त रमायचा. नऊवारी घट्ट कसलेली, पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा, अशा थाटात त्या मलकपेठेतून मोटार घेऊन निघाल्या की चहाच्या हॉटेलातले लोक कपबशी हातात धरून बाहेर यायचे. पहिल्या आठवड्यात हसायला यायचे. पुढे पुढे घड्याळ लावायला यायला लागले.

मोटार लष्कराची होती. लढाई संपल्यावर लिलावात निघाली, मग एका कंत्राटदारानं तिच्यातून विटा वाहिल्या, मग एका जागीरदाराची माणसं तिच्यात बसून शिकारीला गेली, आणि सगळ्यांचं वापरून झाल्यावर ती शाळेच्या पदरात पडली. आत समोरासमोर दोन लांब फळ्या ठोकल्या, खिडक्यांना गज लावले, बाहेरून निळा रंग दिला. मुलींनी तिचं नाव भागाबाई ठेवलं. का, ते मुलींनाही सांगता आलं नसतं. चालण्यातच काहीतरी भागाबाईपण होतं, एवढं खरं.

आधी ती हिम्मतराव चालवायचा. हिम्मतराव नांदेडचा. त्याच्या शेजारच्या सीटवर मुलींवर लक्ष ठेवायला जयवंताबाई बसायच्या, आणि मुलींपेक्षा हिम्मतरावाच्या हातापायांवरच त्यांचं लक्ष जास्त असायचं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी त्याला सरळ विचारलं, "मला शिकवतोस का?" तो दचकला, मग हसला, मग शिकवायला लागला. बाईंनी रीतसर लायसन काढलं. घरात थोडी आदळआपट झाली. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेलेला, तेव्हापासून बाई माहेरचंच आडनाव लावून मलकपेठेत थोरल्या भावाकडे राहत होत्या. भाऊ मुकुंदराव सेक्रेटरिएटमध्ये तर्जुमे करायचे, उर्दूचं इंग्रजी आणि इंग्रजीचं उर्दू. ते म्हणाले, "परंडेकरांच्या घरात कोणी सायकलसुद्धा चालवली नाही गं." बाई म्हणाल्या, "म्हणूनच तर." तो विषय तिथेच संपला.

मग छप्पन साल आलं आणि हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे. सरकारी माणसांच्या याद्या लागल्या. रोज कुणाच्या तरी अंगणात ट्रंका निघायच्या, सुतळी लागायची, पाटा-वरवंटा न्यायचा की द्यायचा यावर नवराबायकोत वाद व्हायचे. मुकुंदरावांचं नाव औरंगाबादच्या यादीत निघालं. हिम्मतरावाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, पण तो दिवाळीला नांदेडला गेला तो तिकडेच बसवर चिकटला, आणि शाळेची मोटार बिनड्रायव्हरची झाली. मुख्याध्यापिका सुशीलाबाई नवा ड्रायव्हर कुठून आणावा या काळजीत असताना जयवंताबाईंनी किल्ली उचलली. नाही म्हणायचं तर सुशीलाबाईंजवळ दुसरा माणूस नव्हता.

असे दोन महिने छान गेले. नुमाइश, म्हणजे दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, भरण्याच्या सुमारास, नामपल्लीच्या मैदानावर दुकानांचे बांबू उभे राहत होते तेव्हा, भागाबाईला दुखणं लागलं.

चादरघाटाचा पूल ओलांडून मोटार कोठीच्या चढाला लागली आणि इंजिन अडखळायला लागलं. एक ठोका पडावा आणि पुढचा गिळला जावा, तसं. गाडीला हिसके बसायला लागले. फळीवरच्या मुली एकमेकींच्या अंगावर जाऊन खिदळायला लागल्या. मागच्या दाराशी बसणारी शाळेची आया लक्ष्मम्मा "अय्यो, अय्यो" करत गजांना धरून बसली. कशीबशी शाळा आली.

"बाई, हिला दिष्टी लागली," लक्ष्मम्मा उतरता उतरता म्हणाली. ती जन्माची तेलुगू, पण मराठी शाळेत इतकी वर्षं काढून तिची मराठी तिच्यापुरती तयार झाली होती. "मिरच्या ओवाळते मी."

"ओवाळ," बाई म्हणाल्या. "पण मला वाटतं पेट्रोलात पाणी आहे."

पेट्रोलात पाणी नव्हतं. बाईंनी मलमलच्या फडक्यातून ते गाळून पाहिलं, काचेच्या बरणीत घालून उन्हात धरलं, वास घेतला. पेट्रोल चांगलं होतं. मिरच्याही ओवाळून झाल्या. दुसऱ्या दिवशी चढावर परत तेच.

मग बाईंनी मोटार नामपल्लीला हमीद उस्तादांकडे नेली. स्टेशनाच्या बाजूला एका गल्लीत त्यांचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, आणि पिंपळाला टांगलेली चेन. उस्ताद साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर काळपट पडलेली जाळीची टोपी. लष्करी गाड्यांत त्यांचा हात बसलेला होता. त्यांनी प्लग काढून घासले, कार्बोरेटर उघडून फुंकला, सगळं परत बसवलं आणि स्वतः चालवत पब्लिक गार्डनपर्यंत जाऊन आले.

"मक्खन के सरीकी चल री, बाई," ते उतरताना म्हणाले.

बाईंनीही चालवून पाहिली. खरंच लोण्यासारखी चालत होती. उस्तादांना सलाम करून त्या घरी आल्या, रात्री निवांत झोपल्या, आणि सकाळी मुली भरून निघाल्या तर शर्यतीच्या मैदानाजवळच भागाबाईनं पुन्हा ठोके गिळायला सुरुवात केली.

आणि या खेपेला तिनं नवीन एक गोष्ट केली. मैदानातले घोडे सकाळची रपेट संपवून रस्ता ओलांडत होते. बाईंनी त्यांना वाट द्यायला पाय उचलला, आणि सायलेन्सरमधून तोफ सुटल्यासारखा आवाज झाला. पुढचा तांबडा घोडा दोन पायांवर उभा राहिला, त्याचा लगाम सईसाच्या हातून सुटला, सईस शेजारच्या गवताच्या ढिगात जाऊन बसला, आणि घोडा एकटाच मलकपेठच्या बाजारात निघून गेला. भाजीवाल्यांनी त्याला कोबी दाखवून पकडला म्हणतात. लागलं कुणालाच नाही. पण दुपारी घोड्याचा मालक शाळेच्या पायरीवर येऊन इतक्या अस्सल उर्दूत रागावला, की सुशीलाबाईंना अर्धं कळलं नाही आणि उरलेलं अर्धं कळलं म्हणून त्या लाल झाल्या.

संध्याकाळी त्यांनी जयवंताबाईंना बोलावून घेतलं.

"घोड्याचं सोडा," त्या म्हणाल्या. "मलकपेठचे दोन पालक येऊन गेले. गाडीत बॉम्ब फुटतो असं त्यांच्या मुलींनी घरी सांगितलंय. ते म्हणतात, औरंगाबादला जायचंच आहे तर इथली शाळा आताच सोडवतो. मलकपेठच्या मुली गेल्या तर वरचे वर्ग चालवायचे कुणासाठी? बाई, गाडी नीट होणार असेल तर सांगा. नाहीतर मी ती विकायला काढते."

"नीट होईल," बाई म्हणाल्या. कशी होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या पुन्हा नामपल्लीला गेल्या. उस्तादांनी पुन्हा सगळं उघडलं, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासले, प्लग नवे घातले, पुन्हा पब्लिक गार्डनला चक्कर मारली. गाडी पुन्हा लोणी.

"बाई, बुरा मत मानना," उस्ताद फडक्याला हात पुसत म्हणाले, "आपको वहम हो गया."

"वहम मला झाला असेल उस्ताद, घोड्याला कसा झाला?"

उस्ताद दाढीत हसले, पण मान हलवत राहिले. जे त्यांना ऐकू येत नव्हतं ते त्यांनी कसं दुरुस्त करावं? बाईही चिडल्या होत्या. येताना नुमाइशच्या गर्दीतून वाट काढत त्या मनाशी भांडत राहिल्या. आणि घरी तरी कुठे शांतता होती? मुकुंदरावांच्या ट्रंका बांधून तयार होत होत्या.

"तिकडे मुलींच्या शाळेत जागा आहे, जयू," जेवताना मुकुंदराव म्हणाले. "मी बोलून ठेवलंय. इथे एकटी राहून काय करणार? तुझ्या त्या खटाऱ्याच्या मागे लागू नकोस आता. तोही सांगतोय तुला, थांब म्हणून."

"वर्ष तरी संपू दे, अण्णा."

"वर्ष संपलं की दुसरं वर्ष लागतं."

भावाचं बोलणं वावगं नव्हतं. वहिनी तारामती त्यांच्या पानात निमूट आणखी एक भाकरी वाढून गेली. तिला नणंद बरोबर यायला हवी होती आणि हे ती बोलली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मोटारीत बसल्या त्या कान टवकारूनच. पहिल्या थांब्यावर थोड्या मुली चढल्या. गाडी ठीक. दुसऱ्या थांब्यावर आणखी. ठीक. शेवटच्या थांब्यावर दांडगट मुलींची मोठी टोळी चढली, दप्तरं, डबे, एकीचं हार्मोनियम. तिथून निघाल्यावर शंभर पावलांत पहिला हिसका. बाईंच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. चादरघाटाचा पूल ओलांडून त्यांनी गाडी चढाच्या पायथ्याशी कडेला घेतली.

"या फळीवरच्या सगळ्या उतरा. चालत वर या. लक्ष्मम्मा, त्यांच्याबरोबर जा."

मुलींना वाटलं शिक्षा आहे. बाई अर्ध्या मुली घेऊन चढ चढून गेल्या. इंजिन एकदाही अडखळलं नाही. वर त्यांनी गाडी वळवली, पुन्हा खाली आल्या, सगळ्यांना भरलं, चढ धरला. ठोके गिळायला सुरुवात. पुन्हा सगळ्यांना उतरवलं, नुसतं हार्मोनियम घेऊन वर गेल्या. लोणी. तिसऱ्या फेरीला रस्त्यावर ही गर्दी जमली. एका पोलिसानं पुढे येऊन अदबीनं विचारलं, "बाईसाब, क्या ढूंड रे आप?"

"मिल गया," बाई म्हणाल्या. त्या दिवशी पहिला तास बुडाला आणि सुशीलाबाई बोलल्या, पण बाईंना त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नाही.

शाळा सुटल्यावर मलकपेठच्या सगळ्या मुली गाडीत तशाच बसवून बाई उलट दिशेला, नामपल्लीला गेल्या. हमीद उस्ताद खड्ड्यातून वर आले आणि गजांच्या मागे दाटीवाटीनं बसलेली तोंडं पाहून दोन पावलं मागे सरले.

"ये क्या बाई? पोट्टियाँ कैकू लाए?"

"दुखणं रिकाम्या गाडीला नाही उस्ताद, भरल्या गाडीला आहे. तुम्ही रोज निरोगी गाडी तपासताय. बसा."

उस्तादांना मुलींच्या गर्दीत बसायला संकोच वाटला. शेवटी ते लक्ष्मम्माशेजारी, दाराच्या टोकाला, टोपी गुडघ्यावर धरून अंग चोरून बसले. मुलींनी त्यांना चिंचा दिल्या. ते नको म्हणाले, मग घेतल्या. गाडी जवळच्या एका चढाला लागली, एकदा अडखळली, दोनदा, मग सलग. उस्तादांच्या तोंडातलं चिंचेचं बुटूक तसंच राहिलं. त्यांनी डोळे मिटले.

"हौ," ते हळूच म्हणाले. "सुना मैं. एकच सिलिंडर है. एकच मर रा. बाकी सब जिंदे." मग डोळे उघडून म्हणाले, "माफ करना बाई. वहम मेरेकू था."

"मलाही पेट्रोलात पाणी दिसत होतं की," बाई म्हणाल्या.

दुखणं आहे हे ठरलं. कुठे आहे हे अजून ठरायचं होतं. रविवारी उस्ताद स्वतः मलकपेठला आले. मोटार घराच्या मागच्या अंगणात उभी असायची. त्यांनी इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उचलून पाहिली. जी वायर उचलावी तिच्यासरशी इंजिनाचा ठोका कमी व्हायचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर काम करत होता. अर्थात, करणारच. गाडी रिकामी होती.

"ओझं पडलं की करंट दुसऱ्या वाटेनं पळत असेल का?" बाईंनी विचारलं. "प्लगपर्यंत न जाता मधेच कुठेतरी?"

"पळ सकता," उस्ताद म्हणाले. " दबाव जास्ती हुआ तो करंट को प्लग में कूदने कू मुश्किल होता. आसान रस्ता मिला तो उदर से भागता. लेकिन वो चिनगारी दिन को नै दिखती, बाई. अंधेरा होना."

"अंधार ना? थांबा."

बाई घरात गेल्या. तारामतीनं गाद्यागोधड्या बांधून ठेवल्या होत्या; त्यातली सगळ्यात जाड गोधडी बाईंनी ओढून काढली. उस्तादांनी ती हातात घेऊन पाहिली, हसले, आणि पहिलं काम केलं ते पंख्याचा पट्टा काढून टाकण्याचं, म्हणजे गोधडी किंवा बाईंचा पदर आत ओढला जायला नको. "दो मिनट बगैर पंखे के चलेगा. जास्ती नै." मग चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि स्वतः जाऊन चालवायच्या जागेवर बसले. गाडी जागच्या जागी ठेवून इंजिनावर ओझं कसं आणायचं हे त्यांना ठाऊक होतं: पाय ब्रेकवर दाबून धरायचा, वरचा गिअर टाकायचा, आणि क्लच किंचितसा सोडायचा. इंजिनाला वाटतं, चढ आला.

जयवंताबाईंनी गोधडी डोक्यावरून घेतली आणि बॉनेटखाली वाकल्या. आत धग, ऑइलचा वास, आणि काळोख. पण गोधडी एका बाजूनं घसरत होती आणि तिथून उजेड आत शिरत होता. "लक्ष्मम्मा, ती बाजू धर!" त्या आतून ओरडल्या.

लक्ष्मम्मा त्या दिवशी सुट्टीवर होती. तिच्याऐवजी आले मुकुंदराव. हातात सुतळीचा गुंडा, कपाळाला आठ्या. अंगणात येऊन पाहतात तो, मोटारीच्या जबड्यात आपली गोधडी, आणि गोधडीखालून आपल्या बहिणीचे दोन पाय.

"जयू! लोक बघताहेत!"

खरंच बघत होते. शेजारच्या गच्चीवर सगळं कुटुंब जमलं होतं.

"बघू दे. अण्णा, आत ये. त्या बाजूनं उजेड येतोय."

"मी?"

"लवकर! क्लच जळतोय!"

बहिणीच्या आवाजातली ही धार मुकुंदरावांनी लहानपणानंतर ऐकली नव्हती. त्यांनी सुतळी खाली टाकली, चष्मा सावरला आणि गोधडीत डोकं घातलं. क्षणभर काहीच दिसेना. नुसती बहिणीच्या श्वासाची धाप आणि समोर धडधडणारं गरम लोखंड. परंड्याच्या घरी आजोबा रागावले की दोघं अशीच एका पांघरुणात दडी मारून बसायची, हे त्यांना आठवलं, आणि हसू यायला लागलं.

"हसू नकोस. बघ."

बाहेर उस्तादांनी क्लच आणखी थोडा सोडला. इंजिन गुरगुरलं, कण्हलं, आणि एका बाजूला कललं. अडखळायला लागलं.

"अगं ते बघ!" मुकुंदराव एकदम ओरडले. "ते! निळं! मागच्या बाजूला, त्या पट्टीजवळ! परत! परत बघ!"

काळोखात, मागून दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीवरून शेजारच्या लोखंडी पट्टीवर एक बारीकशी निळी ठिणगी उडी मारत होती. टक्, टक्, टक्. काजव्यापेक्षाही लहान. जेवढ्या वेळा ती उडत होती तेवढ्या वेळा एक ठोका गिळला जात होता.

"दिसली," जयवंताबाई म्हणाल्या. "अण्णा, तुला दिसली! मी दुसरीकडेच बघत होते."

"मग! डोळे आहेत म्हटलं अजून." मुकुंदरावांच्या नाकाला ऑइल लागलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं. "उस्ताद! सोडू नका! आणखी थोडं ओझं द्या, नीट बघू दे!"

"साब, क्लच मर जाएगा!"

"बस एक मिनट!"

इंजिन बंद झालं तेव्हा मुकुंदरावांना गोधडीतून बाहेर काढायला लागलं. उस्तादांनी येऊन ती वायर पाहिली. वरचं रबर एका जागी घासून पार पातळ झालं होतं. पण ते नुसती वायर बदलून थांबले नाहीत. "घासने का सबब क्या?" असं स्वतःशी म्हणत त्यांनी इंजिनाखाली हात घातला, चाचपलं, आणि एक लोण्यासारखं मऊ झालेलं रबर काढून दाखवलं. इंजिन ज्या रबरी गादीवर बसतं ती गादी त्या बाजूनं मेली होती. गाडी भरली, चढाला लागली, की इंजिन जोर लावताना तिकडे कलायचं, आणि वायर जाऊन पट्टीला टेकायची. रिकाम्या गाडीत इंजिन कलत नव्हतं, वायर टेकत नव्हती आणि दुखणं दिसत नव्हतं.

ट्रकच्या जुन्या टायरमधून उस्तादांनी त्या मापाचा तुकडा कापून बसवला. वायर नवी घातली आणि पट्टीपासून दूर बांधली. पंख्याचा पट्टा चढवला. गच्चीवरच्या कुटुंबाला मुकुंदरावांनी स्वतः खाली बोलावलं आणि गाडीत भरलं, आणखी दोन-तीन शेजारी घेतले, तारामतीला बळेच बसवलं, आणि सगळी वरात चादरघाटाच्या चढावर जाऊन आली. एकदाही ठोका चुकला नाही. मुकुंदराव पुढच्या सीटवर कान देऊन बसले होते, आणि परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा होती. त्यांना ती ठिणगी आणखी एकदा बघायची होती.

त्या रात्री जेवताना त्यांनी औरंगाबादच्या शाळेतल्या जागेचा विषय काढला नाही. पान उचलताना तेवढं म्हणाले, "वरची खोली घरमालक तुला ठेवू देतील. मी विचारलंय." मग थोडं थांबून, "लक्ष्मम्मा सोबतीला येते का, बघ." तारामतीनं डोळ्यांना पदर लावला. जयवंताबाई भाताकडे बघत राहिल्या, कारण वर बघितलं असतं तर त्यांनाही पदर लावावा लागला असता.

सोमवारपासून भागाबाई मुली घेऊन गुपचूप धावायला लागली. घोडेवाल्यांनी मात्र काही दिवस तिची सावली दिसली की घोडे आवरून धरले. तक्रार करून गेलेल्या पालकांपैकी एकाची मुलगी परत आली. दुसरे खरोखरच औरंगाबादला निघून गेले. त्यांना कारण हवं होतं, ते मिळालं होतं. सुशीलाबाईंनी गाडी विकायचं नाव काढलं नाही.

मुकुंदरावांचं बिऱ्हाड फेब्रुवारीत हललं. ट्रंका, वळकट्या, पाटा, वरवंटा, तुळशीची कुंडी, आणि वर मुकुंदराव आणि तारामती, असं सगळं भरून बाईंनीच त्यांना काचीगुडा स्टेशनवर पोचवलं. प्लॅटफॉर्मवर मराठी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही भाषांतून रडणं चाललं होतं. मुकुंदराव खिडकीत बसून शेवटपर्यंत सूचना देत राहिले, ऑइल बघत जा, रबर बघत जा, एकटीनं चढावर थांबवू नकोस, आणि गाडी हलली तेव्हा हात हलवायचंही विसरले. तारामतीनं दोघांच्या वाटचा हात हलवला.

बाई बाहेर आल्या. मोटारीत बसल्या. मागे वळून रिकाम्या फळ्यांकडे पाहवेना.

इतक्यात मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. बाईंनी दचकून पाहिलं, तर एक पितळी घागर आत आली. तिच्यामागून एक वळकटी. मग एक ट्रंक, मग लोणच्याची बरणी, मग दोन वेण्या घातलेल्या दोन मुली, आणि शेवटी कर्नूलहून आलेल्या गाडीतून नुकताच उतरलेला, घामानं निथळणारा एक गृहस्थ आणि त्याची बायको. तो तेलुगूत भराभर बोलायला लागला. बाईंना एवढं कळलं की तो नव्या राज्याच्या सेक्रेटरिएटमध्ये कारकून आहे, ऑफिस कर्नूलहून इकडे आलं म्हणून तोही आला आहे, आणि ही गाडी भाड्याची आहे असं त्याला वाटतंय.

"एक्कडिकि?" बाईंनी विचारलं. तेलुगू त्यांना लक्ष्मम्मापुरतं यायचं.

"मलकपेट!" दोन्ही मुली एका सुरात ओरडल्या.

बाईंना हसू आलं. भाड्याची नाही म्हणून सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. बायको घागर मांडीवर घेऊन इतकी दमून बसली होती की तिला उठवायचं कुणाच्या जिवावर आलं असतं. बाईंनी किल्ली फिरवली.

वाटेत धाकटी मुलगी पुढे येऊन गजांतून बघत राहिली. बाई गिअर टाकतात, आरशात बघतात, हात बाहेर काढून वळतात, सगळं तिनं टक लावून पाहिलं. शेवटी तिनं आईला काहीतरी विचारलं, आणि आईनं तिला गप्प केलं. बाईंनी मागे न वळता विचारलं, "काय म्हणते?"

गृहस्थ संकोचून, तोडक्यामोडक्या उर्दूत म्हणाला, "पूछती है, यहाँ औरतें सब ऐसाच चलाती क्या?"

"सब नै," जयवंताबाई म्हणाल्या. "अबी तो मैं अकेली. तेरेकू शिकना क्या?"

पोरीला भाषा कळली नाही, पण विचारणं कळलं. तिनं जोरात मान हलवली. मलकपेठेत त्यांच्या भाड्याच्या घरासमोर बाईंनी गाडी थांबवली, ट्रंक उतरवायला हात लावला, आणि विचारपूस केली तेव्हा कळलं की मुलींना कोठीतल्याच एका तेलुगू शाळेत घालायचं आहे, पण रोज पोचवायचं कुणी, हा घोर आईला आहे. ती शाळा बाईंच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर होती.

त्यांनी सुशीलाबाईंना विचारायचं ठरवलं. मग आधी नेऊ, मागून विचारू, असं ठरवलं. सोमवारी सकाळी त्या घराशी मोटार थांबली आणि दोन्ही मुली आत चढल्या. मराठी मुलींनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मराठी मुलींकडे पाहिलं. मग कुणीतरी फळीवर थोडं सरकून जागा केली आणि लक्ष्मम्मा त्या दिवशी पहिल्यांदाच गाडीत घरच्या भाषेत पोटभर बोलली.